मुरूम, खडक आणि पाणी : वऱ्हाडच्या भूगर्भाचा शास्त्रीय हिशेब

बडनेरा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील वऱ्हाडचे एक महत्त्वाचे जंक्शन होय. १८६७ मध्ये हा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे जलद जाऊ लागला. तेव्हापासून आजतागायत या भागात लोहमार्ग, रस्ते, पूल, शाळा व घरे यांच्या बांधकामाला लागणारा काळा दगड येथील जमिनीनेच पुरविला आहे. या दगडाचा वरचा झिजलेला भाग म्हणजे मुरूम. रस्त्याचा भराव आणि घराचे जोते यांसाठी मुरूम हवा असतो. परंतु याच मुरमात पावसाचे पाणी मुरते, तेथेच ते साठते आणि गावच्या विहिरीला मिळते. एकाच थराची ही दोन कामे आहेत. एक काम साधताना दुसरे बिघडू नये, यासाठी भूगर्भाचे शास्त्र समजून घेणे आवश्यक ठरते.

खनिज संपत्ती म्हटली की सामान्यतः नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज, चंद्रपूर-यवतमाळचा कोळसा किंवा गडचिरोलीचे लोहखनिज डोळ्यांपुढे येते. त्या मानाने अमरावती व अकोला जिल्ह्यांचा बहुतांश भाग खनिजदृष्ट्या दरिद्री मानला जातो. हा समज अपुरा आहे. दगड, मुरूम, वाळू व माती ही कायद्याने गौण ठरविलेली खनिजे असली, तरी ग्रामीण विकासाचे प्रत्येक काम त्यांच्यावर उभे असते. भूजल रूढ अर्थाने खनिज नव्हे. तथापि तेही खडकातच दडलेले असते, ते शोधण्याची शास्त्रीय साधने तीच आहेत आणि बेहिशेबी उपशाचा परिणामही तोच होतो. म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे इष्ट आहे.

लाव्हाचे थर

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांमधून तप्त लाव्हा बाहेर पडला आणि पुन्हा पुन्हा पसरत गेला. त्यापासून दख्खनचे काळे पाषाण निर्माण झाले. या पाषाणाने आज भारताचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला असून महाराष्ट्राची सुमारे ऐंशी टक्के भूमी त्याखाली येते. बडनेरा, अमरावती व पूर्वेकडील पोहऱ्याचे डोंगर याच पाषाणाचे आहेत. मोर्शी तालुक्यात सालबर्डी येथे मात्र लाव्हाच्या खालचे अधिक प्राचीन खडक उघडे पडलेले दिसतात. भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने ते स्थळ म्हणजे वऱ्हाडच्या पायाकडे पाहण्याची एक खिडकीच होय.

लाव्हाचा प्रत्येक प्रवाह वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. थंड होताना वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र झाला. खालचा भाग घट्ट व अखंड राहिला. दोन प्रवाहांच्या दरम्यान जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग झिजून काही ठिकाणी लाल मातीचा पातळ थर तयार झाला. विहीर खोदताना लागणारी तांबडी पट्टी बहुधा तीच असते. घट्ट पाषाण इमारतीस व खडीस उत्तम, पण पाण्याच्या दृष्टीने जवळजवळ कोरडा. पाणी सापडते ते झिजलेल्या मुरमात, भेगाळलेल्या भागात आणि सच्छिद्र थरात. त्यामुळे एका शेतातील विहिरीला बारमाही पाणी आणि शंभर पावलांवरील दुसरी विहीर कोरडी, असा अनुभव या भागात नित्याचा आहे. त्यात दैवाचा भाग नसून खडकाच्या रचनेचा आहे.

पूर्णेचे खोरे व खारपाण पट्टा

बडनेऱ्याहून भातकुली व दर्यापूरच्या दिशेने निघाले की जमीन सपाट होत जाते आणि काळा दगड दिसेनासा होतो. हे पूर्णा नदीचे खोरे होय. उत्तरेस गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा यांच्या दरम्यानच्या या खोलगट प्रदेशात नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला. काही भागांत या गाळाची जाडी शेकडो मीटर आहे. येथे पाणी नाही असे नव्हे. पाणी आहे, परंतु मोठ्या क्षेत्रात ते खारे आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा असून तो खारपाण पट्टा या नावाने सर्वपरिचित आहे.

या खारेपणाची नोंद जुनी आहे. अकोला जिल्ह्यात दहीहांडा परिसरात पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार केले जाई. ब्रिटिश अमदानीत हा व्यवसाय बंद पडला. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या ए. बी. विन यांनी पूर्णा खोऱ्याविषयीचे आपले विवेचन १८६९ मध्ये प्रसिद्ध केले. गाळातील चिकणमातीत अडकलेले क्षार, पाण्याचा अत्यंत मंद निचरा आणि प्रदीर्घ काळ चाललेले बाष्पीभवन ही खारेपणाची कारणे अभ्यासक प्रामुख्याने देतात. पिण्याच्या पाण्यातील विद्राव्य घटकांची भारतीय मानकानुसार इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून, दुसरा पर्याय नसल्यास २,००० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. खारपाण पट्ट्यातील अनेक विहिरींचे पाणी ही सवलतीची मर्यादाही ओलांडते. असे पाणी सिंचनास वापरल्यास त्यातील सोडियममुळे काळ्या जमिनीची घडण बिघडते, ती चिवट होते व पाणी मुरेनासे होते.

याउलट सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी दगड-गोटे व भरड वाळूचे थर आहेत. डोंगरावरून येणारे पाणी तेथे झपाट्याने जमिनीत शिरते व ते गोडे असते. अशा प्रकारे एकाच जिल्ह्यात भूगर्भाचे तीन निरनिराळे स्वभाव आढळतात : बडनेऱ्याकडचा कठीण पाषाण, भातकुली-दर्यापूरकडचा खारा गाळ आणि डोंगरपायथ्याचा भरड पट्टा. एकच योजना तिन्ही ठिकाणी सारखी राबविली, तर ती कोठे तरी फसणारच.

शोधाची साधने

पूर्वी विहिरीची जागा गावचा पाणाड्या दाखवीत असे. त्याच्यापाशी परंपरेने आलेले निरीक्षण असे. झाडांची वाढ, नाल्याचे वळण, जमिनीचा ओलावा यांवरून तो काही अंदाज बांधी. परंतु अंदाज चुकला तर का चुकला, हे सांगता येत नसे आणि त्यामुळे पुढच्या वेळी तो सुधारताही येत नसे. शास्त्राचा विशेष येथेच आहे. कोरड्या विहिरीचीही नोंद ठेवली, तर ती पुढील दहा विहिरींना मार्गदर्शक होते.

भूवैज्ञानिक प्रथम नकाशा पाहतो. कोणता लाव्हा प्रवाह कोणत्या उंचीवर आहे, नाले सरळ रेषेत कोठे वाहतात, आजूबाजूच्या विहिरींत कोणत्या खोलीवर पाणी लागले, हे तो टिपतो. नाल्याचा सरळ मार्ग हा अनेकदा खडकातील लांब भेगेचा निदर्शक असतो. अशा रेषा उपग्रहाच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. मार्च १९८८ मध्ये भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. त्यानंतर गावपातळीपर्यंतचे भूजल-संभाव्यता नकाशे तयार करणे शक्य झाले.

यापुढची पायरी विद्युत रोधकतेच्या मापनाची. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ मध्ये खनिजांच्या शोधासाठी या पद्धतीचे प्रयोग केले होते. जमिनीत दोन सळया रोवून वीजप्रवाह सोडावयाचा आणि मधल्या दोन सळयांमधील विद्युत दाब मोजावयाचा, एवढेच तिचे तत्त्व आहे. सळयांमधील अंतर वाढवीत गेले की अधिकाधिक खोल थरांची माहिती मिळते. घट्ट कोरडा पाषाण विजेला मोठा विरोध करतो; पाण्याने भरलेला मुरूम कमी विरोध करतो. त्यावरून न खोदताच खालच्या थरांचा अंदाज येतो.

मात्र यंत्राचा आकडा आणि पाण्याची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बडनेऱ्याच्या पाषाणात कमी रोधकता हे बहुधा पाण्याचे सुचिन्ह असते. तेथून थोड्याच अंतरावरील गाळाच्या प्रदेशात तीच कमी रोधकता खाऱ्या पाण्याची किंवा चिकणमातीची खूण असू शकते. यंत्र एकच, आकडा एकच, अर्थ मात्र विरुद्ध. म्हणून भूरचनेचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीने केवळ यंत्र फिरवून सांगितलेली जागा विश्वासार्ह मानता येत नाही.

जमाखर्च

साठा सापडला म्हणजे काम संपले, असे नाही. किती काढावे, हा त्यापुढचा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. भूजलाच्या अंदाजासाठी देशभर वापरल्या गेलेल्या १९९७ च्या कार्यपद्धतीनुसार, झिजलेल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात पावसाच्या सुमारे ७ टक्के, तर सच्छिद्र व भेगाळलेल्या पाषाणात सुमारे १३ टक्के पाणी जमिनीत मुरते असे धरले जाते. अशा खडकातून उपशाला मिळू शकणारे पाणी खडकाच्या घनफळाच्या साधारण २ टक्के मानले जाते.

हे आकडे एका गावाला लावून पाहू. समजा, गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ८०० मिलिमीटर आहे. गावावर पडणारे एकूण पाणी ८० लाख घनमीटर होईल. त्यातील ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार घनमीटर पाणी भूगर्भात जाईल. गावाची लोकसंख्या २,००० असून प्रत्येकास दररोज ५५ लिटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर पुरेसे होतील. जमेच्या मानाने हा खर्च अल्प आहे. परंतु विहिरीवर भिजणाऱ्या एका पिकास हंगामात ६० सेंटिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी ६,००० घनमीटर लागतात. असे १०० हेक्टर क्षेत्र भिजविले की ६ लाख घनमीटर पाणी खर्ची पडते आणि वर्षाची सारी जमा संपून गाव तुटीत जाते.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात येतात. गावाची तहान भागविण्याइतके पाणी बहुतेक गावांत पडते. पिण्याच्या पाण्याची टंचाई ही पुष्कळदा वाटपाची व नियमनाची टंचाई असते. दुसरे असे, की गावातील शंभर हेक्टर ओलीत क्षेत्र आणि सार्वजनिक विहीर एकाच साठ्यातून पाणी घेतात. उन्हाळ्यात तुटीचा फटका प्रथम बसतो तो उथळ सार्वजनिक विहिरीला आणि ज्याच्यापाशी खोल बोअर घेण्याची ऐपत नाही त्याला. संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या वरुड तालुक्याची भूजल मूल्यांकनात अतिशोषित म्हणून नोंद झाली, हे या हिशेबाचेच प्रत्यक्ष उदाहरण होय. विहीर आटली म्हणून बोअर, बोअर आटली म्हणून अधिक खोल बोअर, या मार्गाने साठा वाढत नाही. खाली जसजसे जावे तसतसा पाषाण साधारणतः अधिक घट्ट होत जातो.

मुरमाचे दुहेरी मोल

आता मुरमाकडे वळू. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर टाकून विक्रम करण्यात आला. रस्तेबांधणीचा असा वेग वाढत असताना खडी व मुरमाची मागणीही वाढणारच. प्रश्न असतो, तो मुरूम कोठून घ्यावयाचा.

उंचवट्यावरचा, पाण्याच्या पातळीच्या बराच वर असलेला मुरूम काढल्यास भूजलाची हानी तुलनेने थोडी होते. तोच मुरूम नाल्याकाठच्या सखल भागातून, विहिरींच्या लगत, पातळीच्या खालपर्यंत खणला, तर साठवणीची जागाच नाहीशी होते. समजा, एक हेक्टर क्षेत्रातील पाच मीटर जाडीचा पाणी धरणारा मुरूम उचलला. वरील २ टक्क्यांच्या हिशेबाने दर पावसाळ्यात भरणारी १,००० घनमीटरची साठवण गेली. खड्ड्यात पाणी दिसते म्हणून तलाव झाला असे वाटते. वस्तुतः पुष्कळदा ते आजूबाजूच्या विहिरींचेच झिरपून आलेले पाणी असते आणि उन्हाळ्यात ते उघड्यावर वाफ होऊन जाते. नदीतील वाळूच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो. वाळूचा थर पूर ओसरल्यावर पाणी धरून ठेवतो व काठच्या विहिरींना पुरवितो. तो खरवडून नेला की पात्र खोल होते आणि काठचे पाणी उलट नदीकडे उतरते.

परंतु उत्खनन म्हणजे विनाश, असा निष्कर्ष काढणेही अशास्त्रीय ठरेल. योग्य जागी, योग्य खोलीपर्यंत केलेले उत्खनन जलसंधारणास पूरक होऊ शकते. गाळाने भरलेले तलाव व नाले खोल करून निघालेली माती आणि मुरूम महामार्गाच्या भरावासाठी वापरण्याची पद्धत बुलढाणा पॅटर्न म्हणून ओळखली जाते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रातही अशा रीतीने तलाव तयार झाले आणि तेथील माती-मुरूम अमरावती-अकोला महामार्गाच्या कामी आला. रस्ताही झाला, तलावही झाले. जागेची निवड शास्त्रीय असेल, तर विकासाच्या दोन गरजांत संघर्ष राहत नाही.

यंत्रणा व कायदा

१९७२ च्या भीषण दुष्काळाच्या वर्षी राज्य शासनाने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. या यंत्रणेने राज्याची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत केली असून, निवडक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत नियमितपणे मोजली जाते. खनिजांच्या शोधाचे काम नागपूर येथील भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडे आहे. देशातील खाणींच्या शास्त्रीय नियमनासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

खाणी व खनिजांविषयीच्या १९५७ च्या केंद्रीय कायद्याने गौण खनिजांबाबत नियम करण्याचे अधिकार राज्यांना दिले. महाराष्ट्राचे यासंबंधीचे नियम २०१३ मध्ये नव्याने करण्यात आले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात, पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरीखाली आणले. भूजलाबाबत १९९३ च्या राज्य कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटर अंतरात परवानगीविना विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतरचा २००९ चा महाराष्ट्र भूजल विकास व व्यवस्थापन कायदा २०१४ मध्ये अमलात आला. ६० मीटरहून खोल विहिरींचे नियमन आणि पाणलोटनिहाय व्यवस्थापन या गोष्टी त्याच्या कक्षेत येतात.

खारपाण पट्ट्यासाठी वेगळा मार्ग अवलंबावा लागला. दर्यापूर-अंजनगाव भागातील गावांना शहानूर धरणातून नळाने पाणी नेण्यात आले. शेतीसाठी पावसाचे गोडे पाणी जमिनीवरच शेततळ्यांत साठविणे, हाच येथील व्यवहार्य उपाय होय. २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील गावांचाही समावेश करण्यात आला. बडनेरा व अमरावती शहरास मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी मिळते. ही सोय मोठी आहे. परंतु नळ आला म्हणून आसपासच्या गावांनी आपल्या विहिरींकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

कायदा व यंत्रणा कितीही सक्षम असली, तरी प्रत्येक गावाच्या प्रत्येक विहिरीवर शासनाचा कर्मचारी उभा राहू शकत नाही. ग्रामपंचायतीने काही साधी कामे हाती घेतल्यास शास्त्र खऱ्या अर्थाने गावात येईल. गावातील सर्व विहिरी व बोअर यांची खोली, लागलेले थर आणि पाण्याची चव यांची एक नोंदवही ठेवावी. त्यात कोरड्या गेलेल्या बोअरची नोंद आवर्जून असावी. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये व उन्हाळ्याच्या अखेरीस मे महिन्यात ठरावीक विहिरींची पातळी मोजावी. एक मोजपट्टी, एक दोर व एक पर्जन्यमापक एवढ्या साहित्यावर हे काम होते. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास भूगोल व गणित या दोन्ही विषयांचा तो उत्तम प्रत्यक्ष पाठ ठरेल.

ऑक्टोबरची पातळी पाहून रब्बीचे ओलीत क्षेत्र ग्रामसभेत ठरवावे आणि पिण्याच्या पाण्याचा वाटा प्रथम बाजूला काढावा. मुरूम वा दगडाच्या खाणीचा प्रस्ताव आल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : त्या जागी पाण्याची पातळी किती खोल आहे? सार्वजनिक विहीर किती अंतरावर आहे? काम संपल्यावर खड्ड्याचे काय होणार? या प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत असतील, तर महसूल अधिकाऱ्यासही निर्णय घेणे सोपे जाते आणि ग्रामपंचायतीच्या आक्षेपास आकड्यांचे बळ लाभते. स्वामित्वधनाची रक्कम एकदाच मिळते. मुरमात साठणारे पाणी दर पावसाळ्यात मिळते. दोहोंची तुलना करूनच ठराव व्हावा.

लाव्हाचे थर घडावयास प्रदीर्घ काळ लागला आणि त्यांचा मुरूम होण्यास त्यानंतरही असंख्य पावसाळे जावे लागले. एक यंत्र तो थर काही दिवसांत उचलू शकते. म्हणून खोदण्यापूर्वी मोजणे, हाच खनिज व भूजल व्यवस्थापनाचा पहिला नियम होय. ज्या गावाच्या दप्तरात जमिनीच्या वरच्या सात-बाराबरोबर जमिनीखालच्या थरांचीही नोंद राहील, ते गाव पुढच्या दुष्काळात अधिक भक्कम पायावर उभे असेल.